नीट सांगून जा

१

गॅस बंद केला. गीझर बंद केला. डबा घेतला. टेप खिशात. मोबाइल खिशात. चावी हातात.

मी हे सगळं मोठ्याने बोलतो. रोज सकाळी कामावर निघताना, आमच्या कोलार रोडच्या फ्लॅटच्या दारात उभा राहून. मला वेड लागलेलं नाही. ताई गेल्यापासून माझ्या डोक्यात काही राहत नाही, म्हणून बोलतो. हात गीझरचं बटण बंद करतो आणि जिना उतरेपर्यंत ते केलं की नाही हे मला सांगता येत नाही. मग परत वर, परत खाली. बोललं की निदान कानात थोडा वेळ राहतं.

ही युक्ती ताईची. ती आजारी होती तेव्हा तीही असंच करायची. अरेरा कॉलनीत एक डॉक्टर मॅडम आहेत, मनाच्या आजाराच्या, त्यांनी तिला शिकवलं होतं. काळजी माणसाचं ध्यान खाऊन टाकते, हात काय करतात ते डोक्याला कळत नाही, म्हणून हातांनी केलेलं तोंडाने डोक्याला सांगायचं. ताईने पहिल्या दिवशी मला करून दाखवलं. "हेल्मेट घातलं. स्टँड वर केला. चिनूला शिवी दिली."

सगळ्यात शेवटी दारात मी म्हणतो, "येतो."

आणि स्वयंपाकघरातून आई म्हणते, "ये रे."

हे मात्र डोक्यासाठी नाही, हे आमच्याकडे आधीपासून आहे. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही. भोपाळमध्ये सगळी दुनिया 'जा रहा हूँ' म्हणते आणि संध्याकाळी घरी येते, कुणाचं काही बिघडत नाही. शाळेत, गल्लीत, कामावर दिवसभर हिंदी, त्यामुळे माझ्या आणि ताईच्या तोंडात तेच बसलेलं. घाईत निसटून जायचं, "चल आई, जाते." की आतून आवाज यायचा, "परत ये. बस. पाणी पी. आणि मग नीट सांगून जा."

त्यासाठी दाराशी वेताचा मुढा असतो. बुटका, बसून बूट घालायचा. शेजारी चपलांच्या कपाटावर झाकण ठेवलेला पाण्याचा पेला. जो चुकला त्याने आत यायचं, मुढ्यावर टेकायचं, एक घोट घ्यायचा आणि 'येते' म्हणायचं. आईने 'ये' म्हटलं की सुटका. उशीर होतोय वगैरे काही चालायचं नाही. एकदा ताई खाली जाऊन स्कूटी सुरू करून बसली होती, तर आईने तिला गॅलरीतून हाक मारून वर बोलावलं. ताई सगळा जिना चढून आली, मुढ्यावर बसली आणि धापा टाकत म्हणाली, "आई, तू पोलिसात का नाही गेलीस?"

आईने तरीही 'येते' म्हणवून घेतलंच.

२

मी अ‍ॅल्युमिनिअमच्या खिडक्या बसवतो. नववीत शाळा सोडली, तेव्हापासून इमरानभाईंच्या दुकानात आहे. कोलारला रोज नवी बिल्डिंग उभी राहते, त्यामुळे कामाला कमी नाही. काम अवघड नाही, पण टेप लावल्यापासून काच कापेपर्यंत माप डोक्यात धरून ठेवावं लागतं. तेवढंच मला जमेना. टेपवरचा आकडा वाचायचा, काचेकडे वळायचं, आणि वळेपर्यंत आकडा गेलेला असायचा. रिकामी जागा. मी लाजेखातर अंदाजाने कापायचो.

"को खां," इमरानभाई एक दिवस भोपाळी ढंगात म्हणाले, "ये खिड़की का नाप लिया था या अपनी शेरवानी का?"

कामगार हसले. मीही हसलो. मग मी ती काच उचलली आणि भिंतीवर फोडली. का फोडली ते मला माहीत नाही. हात पुढे गेला, एवढंच.

गिऱ्हाईक बघत होतं, त्याला इमरानभाई हळूच म्हणाले, "लड़के की बहन गई है अभी."

माप विसरलं तर काच वाया जाते. काच दुसरी मिळते. पण एक गोष्ट मी अशी विसरलोय की तिच्यापायी मला झोप नाही, जेवण नाही. ताई शेवटची दारातून निघाली तेव्हा 'येते' म्हणाली की 'जाते', ते मला आठवत नाही.

ताई मंडीदीपच्या एका कारखान्यात हिशेबाच्या कामाला होती. स्कूटीने जायची. त्या दिवशी होशंगाबाद रोडवर, मिसरोदपाशी, ट्रकखाली आली. तिथला पंक्चरवाला सांगत होता, मॅडम रस्त्याच्या मधोमध थांबल्या होत्या. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, काही आठवत असल्यासारख्या. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. त्यांनी मान वळवली नाही.

पोलिसांनी अपघात लिहिला. आईही अपघात म्हणते. आणि तसंच असेल, कारण ताईचं तसं व्हायचं. चौकात थांबायची आणि मला फोन करायची. "चिनू, मी कुठे चालले होते रे?"

"ऑफिसला."

"हां. बरं झालं तुला विचारलं."

त्या दिवशी तिने मला फोन केला नाही.

म्हणजे विसरून थांबली असेल. किंवा विसरली नसेल. ती गोळ्या घ्यायची, रात्र रात्र जागी असायची, मधूनच म्हणायची, चिनू, कंटाळा आला रे. मला बाकी काही नको. दारातून निघताना तिच्या मनात परत यायचं होतं की नव्हतं, तेवढं कळू दे.

३

बाकीचं सगळं आठवतं, हाच तर छळ आहे.

आई बाथरूममध्ये होती. मी समोरच्या खोलीत दिवाणावर पडलो होतो, एक पाय भिंतीला लावून, मोबाइलवर जुनी मॅच बघत. फोडणीच्या हिंगाचा वास होता. ताईची ओढणी मोहरीच्या रंगाची होती. तिच्या सँडलचा पट्टा नेहमीसारखा सुटा होता आणि चालताना त्याचं बक्कल फरशीवर वाजत होतं, टिक, टिक. पट्टा लावायला ती कायम विसरायची.

"ताई, पट्टा," मी म्हणालो.

"हो रे."

पण वाकल्याचा आवाज आला नाही. मग कडी काढल्याचा आला. मग ती काहीतरी म्हणाली. एकच शब्द. मी तो ऐकला हे नक्की, कारण मी 'हं' म्हणालो. तो 'हं' मला आजही आठवतो. ज्याला 'हं' म्हणालो तो शब्द आठवत नाही.

मी तसाच दिवाणावर पडून पाहिलंय. तीच मॅच लावून, तोच पाय भिंतीला लावून. सगळं परत येतं, हिंगसुद्धा येतो. शब्दाच्या जागेपाशी आलो की फक्त कडी वाजते.

घाटावरून परत आलो त्या दिवशी आईने विचारलं होतं, "निघताना काय म्हणाली रे ती?" घरात माणसं होती. मी तोंड उघडायच्या आत ती स्वतःच म्हणाली, "येते म्हणाली असणार. माझ्या धाकाने तरी."

मी हो म्हणून मान हलवली.

४

दिवाळी झाली. आम्ही दिवे लावले नाहीत. त्यानंतरची एक साधी सकाळ.

दारात उभा राहून मी बोलत होतो. गॅस बंद केला. गीझर बंद केला. डबा घेतला. टेप खिशात.

आई आतून म्हणाली, "काय म्हणालास?"

"टेप खिशात."

"त्याच्यानंतर."

"त्याच्यानंतर काही नाही. अजून मोबाइलवर यायचोय."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या तोंडावर हसू होतं. किती महिन्यांनी, कोण जाणे. "निघाले, म्हणालास. निघाले काय रे? निघालो म्हण."

मी तसं बोललो नव्हतो. पण माझ्या बोलण्यावर माझाच भरवसा नाही, तर भांडणार कशाच्या जोरावर? वाटेत विचार केला आणि ते पटलंही. युक्ती ताईची, शब्द ताईचे. हेल्मेट घातलं, स्टँड वर केला, निघाले. मी ते इतक्या वेळा तिच्या तोंडून ऐकलंय की जसंच्या तसं माझ्या तोंडात उतरलं असेल.

दुकानात पोचल्यावर मी शटरपाशी उभा राहून हळूच म्हणून पाहिलं. निघालो. निघालो. बरोबर येत होतं.

दुसऱ्या दिवशी आई हसली नाही. ती स्वयंपाकघराच्या पडद्याआडून म्हणाली, "चिनू, असं नको बोलूस रे. मला चालत नाही."

मी तेव्हा काहीच बोललो नव्हतो. मी बूट शोधत होतो.

५

मग मुढा.

रविवारी दुपारी मी दिवाणावर होतो. आई आत झोपली होती. गॅलरीच्या दारातून ऊन खोलीत आलं होतं, खालून कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता. आणि मुढा करकरला.

वेत करकरतो. थंडी पडायला लागली की आक्रसतो, ऊन लागलं की सैल पडतो. मला माहीत आहे, मीही सामानाचंच काम करतो, अ‍ॅल्युमिनिअमसुद्धा बोलतं. पण वेत असाच करकरला तर एकदा, तुटक वाजतो. हा लांब होता. आधी बारीक, मग दाबत दाबत खोल, मग गप्प. कुणी बसलं की होतो तसा.

त्याच्यानंतर पेल्यावरचं झाकण वाजलं.

मी उठलो नाही. मान वळवून बघितलं, तर दार, कपाट, मुढा, सगळं जागच्या जागी. मुढ्याची बैठक मधे दबलेली दिसली. आता ती नेहमीच दबलेली असते की नाही, हे मला आठवेना. वीस वर्षं ज्या मुढ्यावर बसलो तो बसायला सपाट होता की खोलगट, हे सांगता येईना.

मी तिथे जाऊन पेला बघितला. झाकण नीट होतं. पाणी काठापासून थोडं खाली होतं. आई काठोकाठ भरते. किंवा भरत नसेल.

त्यानंतर रोज. मी घरी असेन त्या वेळी, दिवसाउजेडी. करकर, झाकण, आणि मग बराच वेळ काही नाही. उठल्याचा आवाज कधी यायचा नाही. माझंच लक्ष उडायचं, मी दुसरीकडे बघत असायचो, आणि परत बघितलं की बैठक वर आलेली असायची.

आईला मी विचारलं नाही. तीही काही म्हणाली नाही. पण पेला ती आता सकाळी एकदा भरायची आणि दुपारी एकदा.

६

मी डॉक्टर मॅडमकडे गेलो. ताईच्याच मॅडम. त्यांनी तिची जुनी फाइल काढली, वरचं नाव वाचलं आणि फाइल पालथी घालून ठेवली. माझ्यासमोर नको म्हणून असेल.

मी सांगितलं, माप राहत नाही, आकडे राहत नाहीत, बोलताना वाक्य मधेच सुटतं. मुढ्याचं सांगितलं नाही.

त्या चांगल्या आहेत. समजावून सांगतात. दुःखात आणि धास्तीत डोकं सतत पहारा देतं, त्यामुळे साध्या गोष्टी ठेवायला त्याच्याकडे हात उरत नाहीत. विसरणं म्हणजे डोकं नासणं नाही. झोप आली, औषध लागू पडलं की हळूहळू परत येतं.

"सगळं येतं परत?" मी विचारलं. "एखादा शब्द जर नीट ऐकलाच नसेल तर?"

"कौन सा शब्द?"

मी सांगितलं. येते की जाते. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या कपाळावर आठी होती. त्यांच्या घरची बोली हिंदी. "मतलब तो दोनों का एक ही हुआ ना, चिन्मय? वो घर से निकल रही थी."

हे कसं समजवायचं?

"देखो," त्या म्हणाल्या, "एक बात ध्यान रखना. जो चीज़ ठीक से सुनी नहीं, उसकी जगह मन अपनी तरफ़ से कुछ रख देता है. बहुत चाहोगे तो याद आ भी जाएगा. तब उस पर पूरा भरोसा मत करना."

दारातून बाहेर पडताना मी सवयीने 'येतो' म्हणालो. त्यांना वाटलं, मी परत आत येतोय. खुर्चीवरून अर्ध्या उठल्या.

७

त्या आठवड्यात मी मुढा टाकून दिला.

ठरवलं वगैरे नव्हतं. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत खाली आली, आई अंघोळीला गेली होती, आणि मुढा करकरला. मी चालत गेलो, तो काठाला धरून उचलला आणि जिना उतरून गाडीत फेकला. उचलताना हाताला जड लागला. गाडी वळून गेली तेव्हा मी हसत होतो. मग तसाच कामावर गेलो. त्या दिवशी एक माप राहिलं डोक्यात. एक काच बरोबर कापली.

संध्याकाळी घरी आलो तर मुढा दाराशी होता.

आई म्हणाली, "असं काय बघतोस?"

मी खाली चौकीदाराकडे धावलो. तो बिडी विझवून म्हणाला, "भैया, आप ही तो लाए थे. दोपहर में. ऊपर जाते-जाते यहीं गेट पे रख के बैठ गए उसपे. पानी माँगा."

"मी? मैं?"

"और कौन? हेल्मेट लगाए थे, शकल तो दिखी नहीं. पर सीधे आपके ही माले पे गए."

मी इमरानभाईंना फोन लावला. "दोपहर को?" ते म्हणाले. "तुम तो खाना खा के निकले थे मियां. बोल के गए थे, आता हूँ. घंटे भर में आ भी गए. क्यों, क्या हुआ?"

म्हणजे मीच. दुपारी घरी आलो, कचरा टाकतात तिथून मुढा शोधून आणला, आणि मला त्यातलं काही आठवत नाही. मॅडम म्हणाल्याच होत्या, डोकं पहारा देतं, बाकीचं सोडून देतं. मी चौकीदाराच्या खुर्चीवर बसून हे पटवत होतो, आणि जवळजवळ पटलंही होतं.

पण मी कामावर पायी जातो. आमच्या घरात हेल्मेट एकच होतं. ते मिसरोदहून परत आलेलं नाही.

८

मला आधीच कळायला हवं होतं. आमच्या घरात त्या मुढ्यावर कोण बसतं, हे मला नाही कळणार तर कुणाला?

'येते' म्हणून गेलेला माणूस बसत नाही. त्याला बसायचं कारणच नाही. 'जाते' म्हणालेल्याला परत यावं लागतं.

हे कळलं तेव्हा मी जिन्यात होतो. तिथेच कठड्याला धरून खाली बसलो. शब्द मिळाला होता. इतके महिने भिंतीवर डोकं आपटून जो मिळाला नाही तो रोज माझ्यासमोर करकरत होता. ताई 'जाते' म्हणाली होती.

बराच वेळ रडल्यावर मग दुसरी गोष्ट सुचली. ताई तर रोजच चुकायची. 'चल आई, जाते', आणि मग मुढा, आणि मग पाणी, आणि मग 'येते'. चुकून म्हणाली असेल तर परत येऊन नीट म्हणेल. मनापासून म्हणाली असेल तर म्हणणार नाही. म्हणजे अजून ठरायचं होतं. ती मुढ्यावर बसते, पाणी पिते, तेवढ्यावर काही नव्हतं. त्याच्यापुढे ती काय म्हणते त्यावर सगळं होतं. आणि मी इतके दिवस कानावर उशी दाबून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नाही. सकाळीच, ती निघायची त्या सुमाराला, दिवाणावर पडलो. पाय भिंतीला लावला. मोबाइल हातात धरला, पण लावला नाही. आई स्वयंपाकघरात रवा भाजत होती. पडदा ओढलेला होता, कढईत झारा फिरल्याचा आवाज एकसारखा येत होता. खोलीत लख्ख ऊन.

करकर आली. बारीक, मग खोल. मी मान वळवून बघत राहिलो, डोळे मिटले नाहीत. मुढ्याची बैठक खाली गेली. वेताच्या पट्ट्या एकमेकींपासून फाकल्या आणि तशाच राहिल्या. पेल्याचं झाकण वाजलं.

मी वाट बघितली. म्हण, ताई. तुझ्या पाया पडतो, म्हण. बैठक दबलेलीच होती. आणि मला श्वास ऐकू आला. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा, आत ओढलेला. बोलणं आलं नाही. परत तसाच श्वास. परत नाही.

तो श्वास माझ्या ओळखीचा होता. फोनवर ऐकलेला. चौकातून.

तिला शब्द आठवत नव्हता.

ती रोज येत होती, बसत होती, घोट घेत होती आणि तिथेच अडकत होती. कशासाठी बसले तेच डोक्यातून गेलेलं. म्हणून उद्या परत. चिनू, मी काय म्हणणार होते रे? खोलीत हे कुणीही बोललं नाही. पण मला ते विचारलं गेलं. मी नेहमी लगेच सांगायचो ना. ऑफिसला. घरी. डावीकडे वळ.

मी थांबायला हवं होतं. तिचा शब्द तिलाच शोधू द्यायला हवा होता. तेवढ्यासाठी तर मी जिवंत राहिलो होतो. पण तो अडकलेला श्वास परत आला आणि मला राहवलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं.

"येते."

कढईतला झारा तसाच फिरत होता. आई सवयीने म्हणाली, "ये ग."

तोंडून गेल्यावर मला कळलं मी काय केलं. ते आता तिचं म्हणणं राहिलं नव्हतं. मी तिच्या तोंडात घातलं होतं. ती स्वतः काय म्हणाली असती, परत यायचं होतं की नव्हतं, हे आता मला कधीच कळणार नव्हतं.

मुढ्याचा वेत हळूहळू वर आला.

मी दाराकडे बघितलं. आता कडी हलेल. कडी हलली नाही. फरशीवर बक्कल वाजलं. टिक. मग पुन्हा, थोडं जवळ. टिक. दिवाणाच्या पायथ्यापासून ते पुढे गेलं, आतल्या बाजूला.

'येते' निघणाराही म्हणतो आणि येणाराही म्हणतो. इतकी वर्षं बोलतोय, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आणि आई 'ये' म्हणून बसली होती.

स्वयंपाकघराचा पडदा बाजूला झाला आणि परत जागेवर पडला. तेवढ्यात मला खाली एक टाच दिसली. टाचेला डांबर लागलं होतं, ओलं. पट्टा सुटा होता.

आत झारा थांबला.

"चिनू," आई म्हणाली. "कोण म्हणालं रे आत्ता?"

मी नाव घ्यायला तोंड उघडलं. ताई फक्त मी म्हणायचो. आई नावाने हाक मारायची, छोटंसं नाव, फुलाचं. फुलाचं होतं एवढं माझ्याकडे होतं. पांढरं फूल. मी त्या जागेपाशी गेलो आणि तिथे कडी वाजली. रवा करपल्याचा वास यायला लागला.

"सांग ना रे, कोण आहे?" आईने परत विचारलं. पण या वेळी पडद्याआडून येणारा तिचा आवाज माझ्या दिशेने नव्हता.